नागोजीभावजींची भिंत आणि माझे दोन खिळे

सकाळी सव्वासातला फोन वाजला आणि पडद्यावर जयम्माचं नाव दिसलं, तेव्हा मला काळजी वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर मला आधी संशय आला. फुलवाली बाई सकाळी सकाळी फोन करते म्हणजे काहीतरी लपवाछपवी असणार. काल दिलेली अबोलीची माळ शिळी होती हे मला कळलंय की काय, याचा ती अंदाज घेत असणार. "अम्मा, बेगा बन्नी," ती म्हणाली. लवकर या. मग सांगायला लागली, "अण्णा भिंतीला टेकून बसले होते. कॉफी मागितली. मी ग्लास घेऊन वळले तर..." आणि मी, चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पायात चपला सरकवताना मनात काय म्हणाले असेन? म्हणाले, दीर माझे, आणि बातमी आधी हिला कशी?

आमच्या घरापासून ती भिंत दहा मिनिटांवर, बनशंकरीतल्या एका मैदानाची. मी पोचले तेव्हा जयम्मानं त्यांना आपल्या चटईवर आडवं केलं होतं आणि उशाला फुलं झाकायचं ओलं फडकं घडी करून दिलं होतं. वर तिची निळी ताडपत्री, आणि ताडपत्रीच्या वर भिंतीवर त्यांनीच रंगवलेलं झाड. उजव्या हाताच्या बोटांना निळीचा डाग होता. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही हा माणूस सकाळी उठून कुठल्या तरी भिंतीवर निळीच्या सुतळीनं रेघ मारून आला होता. चेहऱ्यावर त्रास असा काही नव्हता. कॉफीची वाट बघत असल्यासारखे दिसत होते... ग्लास तिथंच शेजारी होता, साय धरलेला.

या गोष्टीला आता सहा आठवडे होत आले. त्यांच्या भिंतींबद्दल, रंगांबद्दल जाणकारांनी बरंच लिहिलं, फोटो छापून आले. हयातीत ज्यांनी त्यांना कधी नमस्कार केला नाही तेही 'आमचे अण्णा' म्हणून लिहून गेले. मला पुरवणीवाल्यांनी विचारलं तेव्हा मी आधी विचारलं, माझ्याकडूनच का? माझ्या ह्या स्वभावाला घरातले सगळे कंटाळलेत. पण मग वाटलं, लिहावं. कारण मला दोन खिळ्यांबद्दल सांगायचंय, आणि ते मी चाळीसहून जास्त वर्षं कुणाला सांगितलेलं नव्हतं.

नागोजीभावजी माझ्या नवऱ्याच्या काकांचे चिरंजीव, वाढले मात्र आमच्याच घरात. वयानं यांच्यापेक्षा लहान, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. घराणं चार पिढ्या बेंगळुरात, चिकपेटेत कापडाचं दुकान. घरातल्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं की सांगलीहून लग्न होऊन आलेल्या मला पहिले सहा महिने सगळे माझ्याविषयीच बोलतायत असं वाटायचं. भावजी पहिल्याच दिवशी मला 'अत्तिगे' म्हणाले. मला ती शिवी वाटली. रात्रभर धुमसले आणि सकाळी यांना विचारलं. हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "कन्नडमध्ये वहिनीला अत्तिगे म्हणतात. झोप आता." झोपायची वेळ कधीच टळून गेली होती, पण यांचं वर्तमानपत्र खाली आलं नाही. पुढं माझ्या लक्षात आलं की भावजी खुशीत असले की अत्तिगे म्हणतात आणि रागावले की स्वच्छ मराठीत 'वहिनी'. दुसऱ्यांच्या रागाची आरडाओरड असायची. भावजींचा राग म्हणजे एवढा एक शब्द.

दुकानात त्यांचं मन नव्हतं. साड्या गुंडाळायच्या खाकी कागदावर ते गिऱ्हाइकांचे चेहरे काढत आणि गिऱ्हाईक साडीबरोबर स्वतःचं नाक घरी घेऊन जाई. शेवटी सासऱ्यांनीच त्यांना दुकानाच्या पाट्या रंगवायला बसवलं. पाट्यांवरून ते शटरवर गेले, शटरवरून भिंतींवर. के. आर. पुरमच्या रेल्वे पुलाजवळची लांबच लांब भिंत त्यांची, शाळांच्या कंपाउंडच्या कितीतरी भिंती त्यांच्या, अलीकडे फ्लायओव्हरचे खांबही. मी चित्रकलेच्या शालेय परीक्षेत ब श्रेणी मिळवलेली असल्यामुळे मला त्यातलं सगळं कळत होतं. मी त्यांना सांगायची, तुमच्या म्हशीचे मागचे पाय पुढच्या पायांपेक्षा जवळ दिसतात. ते मान डोलवून कन्नडमध्ये 'बरं' म्हणायचे. "सरी अत्तिगे. म्हशीला सांगतो."

एक मात्र होतं, देव काढायला ते कधी तयार झाले नाहीत. आमच्याकडे भिंत रंगवून घेणाऱ्या निम्म्या लोकांना कला नको असते, भिंतीपाशी उभं राहणारे पुरुष नको असतात. म्हणून ते देवांची चित्रं मागतात. भावजी म्हणायचे, देवाला त्या कामावर कशाला लावायचं? त्याऐवजी ते त्या जागी पूर्वी काय होतं ते काढायचे. बसस्टॉपच्या मागे नाचणीचं शेत, दवाखान्याच्या भिंतीवर गुरांचा बाजार. मैदानाच्या या भिंतीवर तलाव, कारण मैदान म्हणजे बुजवलेला तलावच. त्या आठवणी असलेली म्हातारी माणसं ते गल्लीगल्लीतून शोधून काढत.

आणि भिंत मिळाली की पहिले तीन दिवस ते ब्रशला हात लावत नसत. नुसते भिंतीसमोर बसून राहत. तेव्हा वेगळे राहत असले तरी सकाळी आमच्याकडून डबा घेऊन जायचे, संध्याकाळी रिकामा डबा द्यायला यायचे. मैदानाच्या भिंतीचं काम आलं तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. मी यांना म्हटलं, "अहो, तीन दिवस झाले, भिंतीला एक ठिपका नाही. हे जातात कुठं?" हे म्हणाले, "काम चाललंय." मी म्हटलं, "डोळ्यांनी?" वर्तमानपत्राचं पान उलटलं गेलं. मी ठरवलं, आपणच बघायचं.

त्या दिवसाचं माझं ध्यान आठवलं की आजही हसू येतं. ओळखू येऊ नये म्हणून डोक्यावरून पदर घेतला. आमच्या भागात कुणीच तसा पदर घेत नसल्यामुळे रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा वळून बघत होतं. दहा मिनिटांच्या वाटेसाठी रिक्षा केली, मीटरवर संशय घेतला आणि भिंतीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरून एका जुन्या पावतीच्या सात प्रती काढल्या. तिथून सगळं स्पष्ट दिसत होतं. भिंतीला लागून एक विशीतली फुलवाली बसली होती. भिंतीत ठोकलेल्या दोन मोठ्या खिळ्यांना दोऱ्या बांधून तिनं ताडपत्री ताणली होती आणि त्या सावलीत आमचे भावजी मांडी घालून बसले होते. तिच्याशी बोलत होते. मध्येच उठून त्यांनी एका खिळ्यापासून जमिनीपर्यंत वितीनं माप घेतलं, दोरी ओढून बघितली, तिला काहीतरी विचारलं. ती हसली. मग त्यांनी शेजारच्या एका टोपलीत डोकावून पाहिलं आणि तेही हसले. टोपलीत फुलं असतील असं मला वाटलं. मग टोपलीतून एक इवलासा हात वर आला.

झालं. माझ्या डोक्यात पूर्ण कादंबरी तयार झाली, शेवटच्या प्रकरणासकट. मूल कोणाचं? माप कशाचं? आणि हसणं कसलं? मी पदर सावरून थेट तिच्यासमोर गेले आणि गिऱ्हाईक असल्यासारखं चार मोळ मल्लिगे, म्हणजे मोगऱ्याची माळ, मागितली. आमच्याकडे फुलांची माळ हातानं मोजतात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ. मी तिचा हात नीट बघितला आणि तो मुद्दाम आखूड असल्याचा निष्कर्ष काढला. भावजी शेजारी बसून सगळं बघत होते. मी निघताना फक्त म्हणाले, "अत्तिगे, पदर स्वल्प मागे घ्या, समोरचं दिसत नसेल."

जयम्माचा नवरा लॉरीवर होता, पंधरा-पंधरा दिवस बाहेर असायचा, हे मला पुढं कळलं. तेव्हा मी चौकशी केलीच नव्हती. चौकशी केली तर संशय उरत नाही, आणि मला तो हवा होता. चौथ्या दिवशी भावजींनी सुतळी निळीत बुडवून भिंतीवर पहिली रेघ मारली आणि पंधरा दिवसांत तलाव भरला. बगळे आले, म्हशी आल्या. भिंतीच्या उजव्या अंगाला एक मोठं झाड आलं. त्या झाडाची एक फांदी लांब बाहेर येऊन अशी मध्येच संपत होती. माझ्या ब श्रेणीला ती चूक ठळक दिसली.

उद्घाटन ठरलं. वॉर्डातले पुढारी येणार होते. आदल्या सकाळी आमच्याकडे स्वयंपाकघराचं दार दुरुस्त करायला सुतार आला होता. मी त्याला म्हटलं, जाताना तेवढे मैदानाच्या भिंतीतले दोन खिळे काढ, भोकं बुजव, चित्र स्वच्छ दिसलं पाहिजे. स्वच्छ हा शब्द मी सुतारासाठी वापरला. माझ्यासाठी कारण वेगळं होतं, आणि ते मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. खिळे गेले की ताडपत्री जाईल, ताडपत्री गेली की ती जाईल. त्यानं ते सहा इंची खिळे आणून माझ्या हातात ठेवले. मी ते बटणांच्या डब्यात टाकले आणि डबा कपाटात मागं सरकवला.

दुसऱ्या दिवशी मी नवी साडी नेसून उद्घाटनाला गेले. भिंत स्वच्छ होती. उन्हाळ्याचे दिवस. जयम्मा तिथंच बसली होती, उघड्यावर, एका हातानं माळ ओवत होती आणि दुसऱ्या हातानं टोपलीवर पदर धरून होती. तिचा तो हात दुखून खाली यायचा, टोपलीतून रडणं सुरू व्हायचं, हात पुन्हा वर जायचा. माझ्या मागं कोणीतरी म्हणालं, झाडाची उजवी बाजू राहून गेली वाटतं. तेव्हा मला कळलं की ती फांदी चुकलेली नव्हती. ती खिळ्यापाशी संपत होती. पुढची सावली ताडपत्रीची होती. त्यांनी तीन दिवस बसून ते झाड तिच्या ताडपत्रीला जोडून घेतलं होतं, आणि ताडपत्रीशिवाय ते एका हातानं लुळं झालेलं दिसत होतं... भावजी भिंतीकडे बघत होते. मग बुजवलेल्या भोकांकडे. मग माझ्याकडे. "बरं दिसतं ना, वहिनी?" ते म्हणाले.

आठवड्याभरात जयम्मा तिथून उठून गेली. माझ्या मनासारखं झालं होतं. त्यानंतरच्या पूर्ण पावसाळ्यात भावजी आमच्याकडे कॉफीला आले नाहीत. सणावारी यायचे, पाटावर बसायचे. "वहिनी, भात पुरे. वहिनी, येतो." मी रोज ठरवायची की उद्या सांगून टाकू. पण त्यांना कळलंय की नाही हेच मला कळत नव्हतं, आणि कळलेलं नसेल तर आपण होऊन कशाला सांगा, असाही एक हिशेबी किडा डोक्यात होता.

पाऊस संपला. भिंतीचे पापुद्रे सुटले होते, रंग पुन्हा द्यावा लागणार होता. एका सकाळी ते दारात उभे. "वहिनी, शिडी धरायला माणूस नाही. येता का?" मी पदर खोचून गेले. मैदानाशी जयम्मा परत आलेली होती. त्यांनी तिला मार्केटात शोधून आणलं होतं. मुलगी आता बसायला लागली होती. मी शिडी धरली, त्यांनी वर चढून जुन्या भोकांच्या हातभर खाली दोन नवे खिळे ठोकले. प्रत्येक घावाला शिडी माझ्या हातात थरथरत होती. तेवढ्यात मी हुंदका दिला असणार, कारण ते वरून म्हणाले, "हात सोडू नका, अत्तिगे."

अत्तिगे. बस, एवढंच. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी शिडी घट्ट धरून राहिले.

ती भिंत त्यांनी पुढं दर दोन-तीन वर्षांनी नव्यानं रंगवली. तलावातले बगळे कमी-जास्त झाले, म्हशींचे पाय सुधारले नाहीत. झाडावर, बुजवलेल्या भोकांच्या जागी, त्यांनी दोन ढोल्या काढल्या आणि त्यातल्या एकीतून डोकावणारा एक तांबट पक्षी. मी नेहमीप्रमाणे चूक काढली. म्हटलं, भावजी, पक्ष्याला कुठं चष्मा असतो का? त्याच्या डोळ्यांभोवती तुम्ही पिवळी वर्तुळं काढलीत. ते म्हणाले, "असतो, अत्तिगे. रोज बघतो मी." आणि मान कशी बाहेर काढलीय त्यानं, मी म्हटलं, जशी काही चौकशीला बसलाय. "तसा तो बसतोच," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघून रंग ढवळायला लागले.

एकदाच मी त्यांना विचारलं होतं, तीन दिवस बसून नक्की काय बघता? त्यांनी कॉफीचा ग्लास खाली ठेवला. म्हणाले, "भिंत कोरी कधीच नसते. कुणाचा खिळा असतो, कुणाची टेकायची जागा असते, कुणाचा आरसा टांगलेला असतो. मी सगळ्यांत शेवटी येणारा. मी त्यांना उठवून कसं चालेल?" लग्न त्यांनी केलं नाही. का, ते मी विचारलं नाही. हा एक प्रश्न तरी मी विचारला नाही, याची नोंद व्हावी. पुढं ते के. आर. पुरमला एका खोलीत राहायला गेले. मेट्रो झाल्यापासून रोज सकाळी जांभळ्या मार्गानं येऊन मॅजेस्टिकला हिरवा पकडायचे आणि बनशंकरीला उतरून भिंतीशी जायचे. दोन्ही खिळ्यांच्या दोऱ्या ओढून बघायचे, जयम्माकडून एक मोळ अबोली घ्यायचे आणि माझ्याकडे यायचे. हे गेल्यानंतरही तो क्रम मोडला नाही. त्यांची सुतळीची, निळीची, हातोडीची एक जादाची कापडी थैली माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागं टांगलेली असायची. अजून आहे.

तेराव्यानंतर चार दिवसांनी एका समितीची बाई आली. पस्तिशीतली, हातमागाची साडी, गोड चेहरा. पुण्याहून इकडे नोकरीला आलेली. आल्या आल्या माझ्या पाया पडली, तेव्हाच मी सावध झाले. "आजी, सरांचं काम आम्हाला प्रिझर्व्ह करायचंय. येत्या रविवारी भिंतीसमोर छान फंक्शन करतोय. फॅमिलीची फक्त एक सही हवी." तिनं पेढे आणले होते. मी पेढा बाजूला ठेवून भिंग काढलं. तिनं सांगितलं, आजी, फॉर्मॅलिटी आहे, वाचायची गरज नाही. ज्या कागदाबद्दल असं सांगतात तो मी दोनदा वाचते. तिसऱ्या पानावर खाली लिहिलं होतं, चित्रासमोरची जागा कायम मोकळी ठेवली जाईल.

"मोकळी म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे क्लीन, आजी. रेलिंग लावू, लाइट्स लावू. आत्ता फोटोत खूप क्लटर येतं."

"आणि जयम्मा?"

"कोण जयम्मा?"

ती वाईट बाई नव्हती. तिचे डोळे भावजींच्या भिंतींबद्दल बोलताना खरोखर भरून येत होते. पण तिनं भिंती बघितल्या होत्या, तिथं तीन दिवस बसली नव्हती. मला एकदम बत्तीस वर्षांची ती हुशार बाई आठवली, सुताराला स्वच्छ शब्द शिकवणारी. मी म्हटलं, कागद ठेवून जा, बघते.

दुसऱ्या सकाळी भिंतीशी गेले तर खिळे नव्हते. रविवारच्या तयारीसाठी काढले म्हणे, कोणी काढले ते जयम्मालाही नीट सांगता येईना. जागेवर पांढरी पुट्टी ओली होती. जयम्मा काळी छत्री खांद्याला लावून बसली होती आणि मोबाईलवरून पैसे घ्यायची ती चौकोनी नक्षीची पाटी, जी इतकी वर्षं खिळ्याला लटकायची, ती तिच्या मांडीवर होती. वयानं साठी ओलांडलेली. पलीकडे सुवासिक तेलाच्या जाहिरातीसारखं चकाकणारं, स्वच्छ, लुळं झाड.

मी घरी आले. कपाटातून बटणांचा डबा काढला. खिळे तळाशी होते, गंजलेले, पण सरळ. दारामागच्या थैलीतून भावजींची हातोडी घेतली, त्या थैलीला अजून निळीचा वास होता. परत गेले आणि जयम्मासमोर फुटपाथवरच बसले. बसताना गुडघे काय बोलले ते सोडून देते. खिळे तिच्या फुलांच्या फडक्यावर ठेवले. जयम्मा कन्नडमधून बोलते, मी माझ्या मोडक्या कन्नडमधून. इथं मराठीत लिहिते.

"जयम्मा, पहिल्या वेळी हे मी काढायला लावले होते. तू मला इथं नको होतीस."

तिचा ओवणारा हात थांबला नाही. "गोत्तु अम्मा," ती म्हणाली. माहीत आहे.

"कुणी सांगितलं?"

"सुतारानं. त्याच दिवशी. अम्मानं सांगितलं म्हणून काढतो म्हणाला, मग मी कशी भांडू?"

"आणि अण्णांना?"

"मीच सांगितलं." तिनं दोरा दातानं तोडला. "रडत सांगितलं. पोरीला ताप आला होता उन्हानं."

मला ताप माहीत नव्हता. बेचाळीस वर्षं मला तो ताप माहीत नव्हता... ती मुलगी आता एका शाळेत शिकवते, दिवाळीला माझ्याकडे फराळाला येते. जयम्मानं छत्री थोडी माझ्याकडे कलती केली. मग म्हणाली, "अण्णा तुम्हाला काही बोलले नाहीत. मी म्हटलं, बोला ना. तर म्हणाले, बोललो तर त्या सात कारणं सांगतील. पावसाळ्यानंतर शिडी लावली आणि तुम्हाला तिथं वर बसवलं. म्हणाले, राहू दे हिला इथंच, हिला लक्ष ठेवायला आवडतं."

"कुठं वर?"

जयम्मानं अबोलीच्या माळेनंच वर दाखवलं. मी चष्मा पुसला आणि बघितलं. ढोलीतून मान लांब काढलेला तांबट. डोळ्यांभोवती पिवळी वर्तुळं. कपाळावर कुंकवासारखा लाल टिळा. आणि नजर अशी, की खाली उभ्या असलेल्या प्रत्येक माणसानं काहीतरी चोरलेलं आहे. इतकी वर्षं मी त्या पक्ष्याच्या चुका काढत होते आणि सगळ्या बाजाराला माहीत होतं... जयम्मा हसायला लागली आणि मग मीही, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी पूर्ण हसण्याचं नव्हतं.

"आणि दुसरी ढोली रिकामी का?" मी विचारलं.

"रिकामी नाही. तुमचे यजमानरु आत पेपर वाचतायत, असं अण्णा म्हणाले."

मी उठले. ओल्या पुट्टीच्या जागी खिळा धरला आणि हातोडी मारली ती माझ्याच अंगठ्यावर. "कोडी अम्मा," द्या इकडे, म्हणत जयम्मानं हातोडी काढून घेतली आणि चार घावांत खिळा आत, दुसरा तीन घावांत. मला तिचा हात आखूड वाटायचा. ताडपत्री बांधली. फांदी पुढं सरकली आणि सावली फुटपाथवर पडली.

रविवारी समितीची बाई आली, ताडपत्री बघून जरा कासावीस झाली. मी तिला म्हटलं, भाषणं व्हायला वेळ आहे, रस्त्यापलीकडे जाऊन एकदा बघ. ती पलीकडे गेली. हातानं हवेत फांदीपासून ताडपत्रीपर्यंत रेघ ओढून बघितली. परत आली, पर्समधून पेन काढलं, मी बरोबर आणलेल्या कागदाच्या तिसऱ्या पानावरचं ते वाक्य खोडलं आणि शेजारी स्वतःची सही केली. मी म्हटलं, मला अजून दोन दिवस दे. मी आणखी एकदा वाचणार. एकाच जागी असं वाक्य असतं यावर माझा विश्वास नाही.

तो कागद आता बटणांच्या डब्यात आहे, खिळे होते तिथं. रेलिंग आलेलं नाही. येणार नाही असं सगळे सांगतात, म्हणूनच मी रोज सकाळी सातला जाते. आधी डावी दोरी ओढून बघते, मग उजवी, भावजी बघायचे तशी. जयम्मा एक मोळ अबोली मोजते आणि मी तिच्या हाताकडे बघते, ते तिला ठाऊक असतं, म्हणून ती वर एक वीत जास्त देते. मग मी भिंतीला टेकून बसते आणि कॉफी मागते. वर ढोलीतून ती बया मान काढून माझ्यावर नजर ठेवून असते. मीही तिच्यावर ठेवते.